कंडक्टर काकांची कवळी

दाताच्या डॉक्टरला माणसं चेहऱ्यानं लक्षात राहत नाहीत, हे माझ्या आईला अजून पटलेलं नाही. लग्नाच्या मांडवात कोणी "ओळखलं का, ताई?" म्हणून समोर उभं राहिलं की मी कसनुसं हसते. त्याच माणसानं तोंड उघडलं की लगेच आठवतं: खालची उजवी अक्कलदाढ, काढताना दोन तुकडे झाले होते, आणि ह्यांनी माझा हातच धरून ठेवला होता. नाव मात्र आठवत नाही. आई याला शिष्टपणा म्हणते. मी याला धंदा म्हणते.

एक माणूस मात्र मला अख्खा आठवतो. चेहरा, चाल, आवाज आणि टाळूसुद्धा. सहा वर्षांत त्यांची टाळू मी जितक्या वेळा पाहिली, तितक्या वेळा माझी स्वतःची आरशात पाहिली नसेल.

मी गोरेगावला दवाखाना टाकला तेव्हा कॉलेजातल्या मैत्रिणी फार खूश झाल्या होत्या. त्यांना ते मुंबईचं गोरेगाव वाटलं. आमचं गोरेगाव सेनगाव तालुक्यातलं. बाजाराचा एक रस्ता, चहाची दोन हॉटेलं, सोयाबीनच्या दिवसांत रस्त्यावर आलेली पोती, आणि सेनगाव-हिंगोलीकडे जाणाऱ्या जीपांचा थांबा. त्या थांब्यासमोरच्या एका घराची रस्त्याकडची खोली मी भाड्यानं घेतली. मागच्या दोन खोल्यांत घरमालक राहायचे, एकटेच. नाव किसनराव, पण ते फक्त भाडेकरारावर. गाव त्यांना कंडक्टर म्हणायचं, मी कंडक्टर काका म्हणू लागले. एसटीत तीस वर्षं नोकरी झाली होती. आपण निवृत्त झालो आहोत ही बातमी मात्र त्यांना कोणी पोचवली नसावी, असं त्यांचं वागणं होतं.

पहिल्याच सोमवारी मी आत एका बाईंची दाढ भरत होते आणि बाहेरून खणखणीत आवाज आला, "पुढं सरका, पुढं सरका! मागं जागा मोकळी हाय!" माझ्या दवाखान्याबाहेर एकच बाकडं होतं आणि त्यावर तिघं बसले होते. मी हातमोज्यांसकट बाहेर आले. काकांनी भिंतीवरच्या जुन्या दिनदर्शिकेचे चौकोनी तुकडे केले होते आणि येणाऱ्याला एकेक देत होते. तारीख हाच नंबर. पेशंट आत निघाला की त्याच्या कागदाचा कोपरा फाडायचे, म्हणजे तिकीट तपासलं. एकतीसच्या पुढं पेशंट आले तर काय, हा प्रश्न माझ्या दवाखान्यात कधी उद्भवला नाही.

"काका, कशाला त्रास घेता?" मी म्हटलं.

"तरास काहाचा? गर्दीला कोणीतरी बोलणारं लागतंय ताई, न्हाई तं गर्दी एकमेकाला खाती."

त्यांची दुसरी सवय थांब्यावरची. कोणतीही जीप भरली की काका तिच्या मागं जायचे, आत नजर टाकायचे, आणि पत्र्यावर तळहातानं दोनदा थाप मारायचे. एसटीत घंटी एकदा वाजली की गाडी थांबते, दोनदा वाजली की निघते. इथल्या ड्रायव्हरांना त्याची काही गरज नव्हती, तरी थाप पडेपर्यंत ते गाडी काढत नसत. एखादा नवखा न थांबता निघाला तर काका दिवसभर नाराज असायचे. "कोण चढलं, कोण राह्यलं, बघाव लागतंय का न्हाई?" म्हणायचे. मग जीप दिसेनाशी झाली की घरात जाऊन स्वयंपाकाला लागायचे. भाजी नेहमी दोघांपुरती व्हायची. एकट्यापुरतं त्यांना जमायचं नाही. "एका माणसाचं वरण शिजतच न्हाई ताई, भांड्यालाच लागून जातंय." उरलेलं ते संध्याकाळी खायचे, नाहीतर डबा भरून मला द्यायचे.

मी तिथं जाऊन दोनेक महिने झाले असतील. दुपारी बाकडं रिकामं बघून काका आत आले आणि खुर्चीत बसले.

"दात करून देता का?"

"आहेत की तुम्हाला," मी म्हटलं.

त्यांनी तोंडातून कवळी काढली आणि तळहातावर ठेवली. बाजारातल्या कुणाकडून तरी बनवून घेतलेली. दात सरळ, एकसारखे, पांढरेफेक. "हे दात चांगले हायेत," काका म्हणाले. बिनदाताचे त्यांचे शब्द ओठांतून फसफसत होते, म्हणून त्यांनी कवळी परत बसवली आणि वाक्य पूर्ण केलं. "पण हे माझे न्हाईत."

मग मोबाइलमधला फोटो दाखवला. काका जरा तरुण, खांद्यावर पाच-सहा वर्षांची मुलगी, दोघंही मोकळं हसताहेत. काकांच्या वरच्या पुढच्या दोन दातांत चांगली गव्हाचा दाणा मावेल एवढी फट.

"अशी फट पाहिजे. बराबर एवढीच."

फटी बुजवून द्या म्हणणारे मला पुष्कळ भेटलेत. फट करून द्या म्हणणारा हा पहिला. नांदेडच्या लॅबवाल्यानं दोनदा फोन केला, "मॅडम, मापात काही गडबड झाली का?" मी म्हटलं, गडबड नाही, ऑर्डर आहे.

खांद्यावरची ती मुलगी म्हणजे नात, गुड्डी. काकांची एकुलती एक मुलगी गुड्डी दीड वर्षाची असताना आजारपणात गेली. काकू त्याआधीच गेलेल्या. लेकरू काकांकडे आलं आणि पाच वर्षं इथंच वाढलं. मग जावयानं दुसरं लग्न केलं, चाकणला कंपनीत नोकरी होती, आणि मुलीला शाळेसाठी घेऊन गेला. काका त्याच्याबद्दल एक वाकडा शब्द कधी बोलले नाहीत. "त्याचं लेकरू हाय, तो नेणारच की." नेलं त्या दिवशीही जीप इथूनच सुटली होती. "डबल बेल मीच देली," एवढंच ते म्हणाले.

फटीचं कारण पुढच्या खेपेला कळलं. दातांच्या त्या फटीतून काका शिटी वाजवायचे. गुड्डीला उठवायचं शिटीनं, जेवायला बोलवायचं शिटीनं, रडायला लागली की गप करायचं तेही शिटीनं. ती चाकणला गेल्यावर वर्षभरात हिरड्यांच्या दुखण्यानं एकेक करून सगळे दात काढावे लागले. त्या पांढऱ्याफेक कवळीनिशी काका पहिल्यांदा मोबाइलवर तिच्यासमोर गेले, तर पोरगी म्हणाली, शिटी वाजवा. शिटी काही येईना. तेव्हा तिनं फोन ठेवून दिला. "हे दुसरेच आजोबा हायेत," म्हणाली म्हणे.

नवी कवळी आली. बसली छान, पण शिटी वाजेना. नुसती हवा यायची. काका रोज दुपारी खुर्चीत बसायचे, मी फटीची कड अर्धा केस घासायची, ते फुंकायचे, हवा यायची. गावात थट्टा सुरू झाली. चौथ्या दिवशी मी एका गड्याच्या हिरडीत इंजेक्शन देत असताना बाहेर अशी शिटी वाजली की तो गडी खुर्चीतून उठून उभा राहिला आणि हॉटेलासमोरच्या शेळ्यांनी माना वर केल्या. काका दारात उभे होते. डोळे ओले आणि तोंडभर फट.

त्या दिवसापासून जीप सुटताना दोन थापांच्या आधी एक शिटीही वाजू लागली.

वर्षभर बरं गेलं. मग एक दिवस काका म्हणाले, "ताई, ठेचा लई झोंबून राहिला. पाणी बी झोंबतंय." मी कवळी काढायला लावली आणि टाळूवर बॅटरी धरली. कवळी जिथं टेकत होती तेवढीच टाळू लालभडक. कड तर अशी की पेन्सिलीनं आखावी. मध्ये मध्ये दह्याच्या कणासारखे पांढरे ठिपके. कापसानं पुसले की निघायचे आणि खालून बारीक रक्त यायचं. ओठांचे दोन्ही कोपरेही चिरलेले.

"बुरशी आहे," मी म्हटलं.

काकांना ते लागलं. "बुरशी? शिळ्या भाकरीवर येती ती?"

"तिच्या जातीतलीच. पण तुम्ही शिळे झालात म्हणून नाही आली." मी त्यांना समजावू लागले. ही बुरशी किती तरी धडधाकट माणसांच्या तोंडात आधीपासून असते. लाळ तिला सारखी धुऊन टाकते, तोंडातल्या कातडीतल्या आणि रक्तातल्या पेशी तिच्यावर पहारा ठेवतात, म्हणून ती एका कोपऱ्यात गप असते. कवळीखाली लाळ पोचत नाही, हवा नाही, कायम ऊब. तिथं ती वाढते, कवळीलाच थर धरते. मग शरीर तिच्यावर तुटून पडतं. जो लालपणा दिसतोय तो त्या भांडणाचा.

काका म्हणाले, "मंजे पाकीटमार."

"काय?"

"पाकीटमार गाडीत असतोच ताई. रोजचा पाकीटमार मला तोंडपाठ व्हता. कंडक्टर फिरता राह्यला, लोकं जागी राह्यली, की तो खिडकीत बसून बाहेर बघतो. काही करत न्हाई. गर्दी झाली, कंडक्टरला मागं जाता येईना झालं, की मंग त्याचा हात चालतो." त्यांनी कवळीकडे बोट दाखवलं. "ही गर्दी. हिच्यामागं कंडक्टर पोचून नाही राहिला."

पाच वर्षं शिकून मला हे इतकं नीट सांगता आलं नसतं. पुढं बाकड्यावर कोणाचं तोंड आलेलं असो की बाळाच्या जिभेवर पांढरं धरलेलं असो, काका त्यांना पाकीटमाराची गोष्ट सांगूनच आत पाठवायचे. एका आईनं घाबरून मला विचारलं होतं की माझ्या लेकराचं काय चोरीला गेलं?

तर मी काकांना टाळूला लावायचं औषध दिलं, चघळायच्या गोळ्या दिल्या, कवळी राखुंडीनं न घासता ब्रश आणि साबणानं धुवायला सांगितली. आणि मुख्य गोष्ट: रात्री कवळी काढायची, पाण्यात ठेवायची, टाळू सकाळपर्यंत मोकळी.

"ठेवतो," काका म्हणाले.

आणि ठेवलीही. संध्याकाळी दवाखाना बंद करून मी मागच्या नळावर हात धुवायला जायची, तिथं काकांची खिडकी होती. खिडकीत स्टीलची वाटी, वाटीत पाणी, पाण्यात दात. आत अंधार. "काका, काढली का?" मी विचारायची. "व्हय, वाटीत बघा," आतून उत्तर यायचं. मी खूश होऊन माझ्या खोलीवर जायची. बिनदाताचा माणूस इतकं स्वच्छ बोलू शकत नाही, हे मला, दाताच्या डॉक्टरला, तेव्हा सुचलं नाही. चाळणी म्हणते सुईला, तुझ्या बुडाला भोक. दुसऱ्यांच्या चुका काढणारी मी अशी.

पंधरा दिवसांत टाळू बरी झाली. महिन्यानं पुन्हा लाल. पुन्हा औषध, पुन्हा बरी, पुन्हा लाल. असं तीनदा झालं. आता मला भीती वाटू लागली. बुरशी अशी हटून बसली की पहारा कुठं ढिला पडलाय हे शोधावं लागतं. साखर असू शकते, रक्त कमी असू शकतं, आणखीही काही असू शकतं. मी सगळ्या तपासण्या लिहून दिल्या, त्यात एचआयव्हीचीही. तो शब्द सांगताना मी उगाचच ट्रेमधली हत्यारं सरळ करत होते.

काकांनी चिठ्ठी वाचली. "माझ्यावर शंका हाय का, ताई?"

"शंका नाही काका. नियम आहे."

"नियम असंल तं जावंच लागतंय," ते म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या जीपनं हिंगोलीला गेले. त्या जीपला थाप कोणी मारली कोण जाणे. संध्याकाळी परत आले ते हातात कागद फडकावत. साखर ठीक, रक्त ठीक, तेही ठीक. बाकड्यावरच्या चौघांना त्यांनी तो कागद प्रमाणपत्रासारखा दाखवला. "पहारा कडक हाय आपला!" सगळे हसले. लोक गेल्यावर ते आत आले, कागदाची घडी घातली आणि हळू आवाजात म्हणाले, "तिथल्या पोरीनं इचारलं, घरी कोण कोण हायेत. मी मनलं, कोणी न्हाई. मंग तिनं लई मोठ्या फॉर्मवर कायबाय लिवलं." मला तेव्हा फार वाईट वाटलं. पेशंटला धीर द्यायला शिकवतात, घरमालकाला कसा द्यायचा ते शिकवत नाहीत.

मग ती संध्याकाळ आली. मी नळावर हात धूत होते. खिडकीत वाटी, वाटीत दात. आत मोबाइल वाजला. आणि दुसऱ्या क्षणाला आतून शिटी वाजली, तीच, शेळ्यांना माना वर करायला लावणारी. मी वाटीत डोकावले. पाण्यात सरळ, एकसारखे, पांढरेफेक दात. फट नव्हती.

फोन संपेपर्यंत मी तिथंच उभी राहिले. दोन मिनिटांत संपला. मग मी दार वाजवलं आणि मला जेवढा राग येतो तेवढा सगळा त्यांच्यावर काढला. मी तुमच्यासाठी औषधं बदलली, पुस्तकं उघडली, तुम्हाला नाही त्या तपासणीला पाठवलं, आणि तुम्ही जुनी कवळी पाण्यात ठेवून नवी तोंडात घालून झोपता? मला फसवता?

"फसवलं न्हाई," काका म्हणाले. "तुमाला वाईट वाटू नये मनून वाटी ठेवत व्हतो."

"पण काढत काहून नाही?" रागात माझ्याही तोंडात त्यांच्याच बोलीतला शब्द आला.

ते खाटेवर बसले. गुड्डीला फोन करू नको असं घरात कोणी म्हणत नव्हतं, पण कर असंही कोणी म्हणत नव्हतं. वडिलांचा मोबाइल हाती लागेल तेव्हा ती लावायची. ते अंघोळीला गेले की, झोपले की, पहाटे मोबाइल चार्जिंगला ठेवून कंपनीच्या गाडीची वाट बघत बाहेर उभे असले की. कधी एक मिनिट, कधी दोन. वेळ ठरलेली नाही.

"एक डाव पहाटं आला. दात वाटीत. मी तसाच उचलला. तिला मी दिसलो, पण..." त्यांनी आपल्याच गालांवरून हात फिरवला. "मी मनलो, गुड्डे, मीच हाय. तिला समजंना. मलाच मनली, आजोबाला द्या."

मी उभीच होते.

"आजोबाला द्या, मनली. तवर तिकडून कोणीतरी आलं. बंद झाला. मंग वीस दिवस फोन न्हाई. तवापासून म्या दात काढले न्हाईत. जळू द्या टाळू जळली तं."

माझा राग कुठं गेला मला कळलं नाही. मी शेजारच्या पत्र्याच्या पेटीवर बसले आणि आम्ही दोघांनी मिळून तोडगा काढला. गुड्डीची शाळा बारा ते पाच. त्या वेळात फोन येणं शक्य नाही. तेव्हा बारा ते तीन काकांनी दार लावून घ्यायचं आणि कवळी काढून आत बसायचं. बिनदाताचं तोंड गावाला दाखवायला ते तयार नव्हते, म्हणून थांबाही बंद आणि बाकडंही बंद. दुपारच्या पेशंटांना नंबर मिळेनासे झाले आणि ते आपसात भांडू लागले; गर्दी एकमेकाला खाते हे काकांचं म्हणणं खरंच ठरलं. टाळू निम्मी बरी झाली. लाली गेली नाही, पण ठेचा खाता येऊ लागला. एवढ्यावर आम्ही तीन वर्षं काढली. रोज दुपारी तीन तास त्या बंद दारामागं काका काय करत असतील, असं कधी कधी माझ्या मनात यायचं. रेडिओसुद्धा ऐकू यायचा नाही.

गुड्डी तेराची झाली तेव्हा तिच्या वडिलांनी तिला स्वतःचा मोबाइल घेऊन दिला, क्लाससाठी. काकांनी थांब्यावर पेढे वाटले. पहिला पेढा मला. "आता कोणाला इचारायचं काम न्हाई ताई! कवाबी लावू शकती!"

पहिल्या महिन्यात रोज फोन आला. भिंतीपलीकडून दिवसातून दोन-दोनदा शिटी ऐकू यायची. मग रविवारी येऊ लागला. मग एखाद्या रविवारी. मी म्हणायची, "तुम्ही लावा ना." तर म्हणायचे, "ती कामात असंल. कंडक्टरनं गाडीमागं पळू नये." एकदा माझ्या आग्रहाखातर लावला. तिकडून कट झाला आणि मेसेज आला. चष्मा नव्हता म्हणून मला वाचायला दिला. 'नंतर करते.' काकांनी मोबाइल खिशात ठेवला. "बघा, उत्तर आलं लगेच," म्हणाले. मी मान हलवली. त्या वयात मीही आजोळी किती पत्रं लिहिली होती, ते मला आठवलं आणि त्या पोरीवर रागावताही येईना.

त्यानंतर माझंच त्यांच्याकडे लक्ष कमी झालं. हिंगोलीत जागा मिळाली होती, तिकडचं काम सुरू होतं, गोरेगावचा दवाखाना आठवड्यातून तीनच दिवस चालायचा. बाकड्यावर नंबर मिळत नाहीत हे माझ्या ध्यानात आलं होतं, पण पेशंटही कमी होते, तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. काका दिसले तर लांबून हात करायचे. औषध न्यायला आले नाहीत. मी विचारलं नाही.

उन्हाळा लागला होता. खुर्ची आणि कपाटं टेम्पोत चढवून पुढं धाडली आणि मी किल्ली द्यायला मागं गेले. चार वाजले होते. बारा ते तीनची वेळ टळून गेली होती, म्हणून मी न वाजवताच दार ढकललं. काका खाटेवर बसले होते. गाल आत गेलेले, ओठ मिटून आत वळलेले. मला बघून ते उठले नाहीत आणि तोंडावर हातही नेला नाही. खिडकीत वाटी होती. मी पाण्यात पाहिलं. फटीचे दात होते.

मी सवयीनं पर्समधली बॅटरी काढली. "बघू."

त्यांनी तोंड उघडलं. टाळू गुलाबी, ओलसर, स्वच्छ. ती पेन्सिलीची कड कुठंच नव्हती. ओठांचे कोपरेही भरून आलेले. पाच वर्षं मला जे जमलं नव्हतं ते झालं होतं, आणि मी एक थेंब औषध दिलं नव्हतं.

"कधीपासून काढताय?"

"झाले दोन-तीन महिने. रातभर ठिवतो. दिवसा बी ठिवतो कवा कवा." बिनदाताच्या बोलण्याला कान द्यावा लागत होता, पण मला सगळं कळत होतं.

"आणि गुड्डीचा फोन?"

"येतो की. दिवाळीत आला व्हता." मग म्हणाले, "आता ती टाईप करती ना. त्याला दात लागत न्हाईत."

मी बॅटरी बंद केली.

"बराबर झालं ना, ताई?"

"झालं, काका. एकदम स्वच्छ."

"पहारा कडक हाय," ते म्हणाले आणि हसले. मला त्या टाळूवर पुन्हा एक लाल डाग दिसावा असं वाटलं. डॉक्टरनं असं वाटून घेऊ नये, पण वाटलं, आणि अजूनही आठवलं की वाटतं.

मी किल्ली त्यांच्या हातात दिली आणि पाया पडले. हिंगोलीची जीप भरत आली होती. मी मागच्या बाकावर दाराजवळ बसले. काका माझ्यामागून बाहेर आले, तसेच, दात न घालता, सगळ्या थांब्यासमोर. हॉटेलातले दोघं-तिघं बघू लागले. काका जीपच्या मागं आले, आत नजर टाकून माणसं मोजली, माझी पिशवी पायानं आत सरकवली. मग त्यांनी ओठांचा चंबू केला. नुसती हवा आली. त्यांनी एकदा आणखी फुंकून पाहिलं, माझ्याकडे बघून मान हलवली आणि तळहातानं पत्र्यावर दोनदा थाप मारली. ड्रायव्हर तेवढ्याचसाठी थांबला होता. त्यानं गाडी काढली.